हुरडा अनलिमिटेड, पोट वाटीभर: खुलताबादजवळच्या शेतावरचा मुक्काम

आधी पैशाचं सांगते, कारण कुठलाही रिव्ह्यू वाचताना मी स्वतः पहिलं तेच हुडकते. मुक्काम, दोन वेळचं जेवण, सकाळचा नाष्टा, चहा आणि हुरडा पाहिजे तेवढा, असं सगळं धरून माणशी १६०० रुपये, १० वर्षांखालच्या लेकराला ८००. आम्ही पाच मोठी माणसं आणि नणंदेचं एक लेकरू, म्हणजे ८८०० झाले. आता त्या ७ वर्षांच्या भाच्यानं दोन दिवसांत माझ्या तिप्पट खाल्लं आणि पैसे मात्र माझे त्याच्या डबल. बुकिंग करतानाच मी फोनवर विचारलं होतं की बाबा माझं पोटाचं ऑपरेशन झालंय, मी वाटीभरच खाते, मला लेकराचा रेट लागेल का. पलीकडचा पोरगा जरा गप बसला आणि म्हणला, "मॅडम, फोनवर सगळेच थोडं खातो म्हणतेत."

शेताचं नाव टाकत नाही. तक्रारी पण लिहिणार आहे, आणि तसंही दौलताबाद-खुलताबाद-वेरूळ पट्ट्यात जानेवारीत अशी बरीच शेतं हुरड्याला उघडी असतात, जेवणाची पद्धत सगळीकडं थोड्याफार फरकानं हीच. आणि हे मी लिहायलेय ते मुळात माझ्यासारख्यांसाठी, ज्यांचं वजनाचं ऑपरेशन झालंय आणि त्यानंतर पहिल्यांदाच घरच्यांसोबत मुक्कामाला जायचंय आणि जायच्या आधीच टेन्शन आलंय. बाकीच्यांनी हुरड्यापुरतं वाचलं तरी चालेल.

माझं ऑपरेशन मागच्या फेब्रुवारीत झालं. स्लीव्ह म्हणतात त्याला. जठराचा पाऊण भाग, खरं तर त्याहून थोडा जास्तच, कापून बाहेर काढतात आणि केळ्याएवढी एक नळी आत ठेवतात. ११२ किलोची मी आता ७४ वर आलेय, बीपीची गोळी सुटली, जिना चढताना गुडघे कुरकुर करत नाहीत, केस मात्र मधी चौथ्या-पाचव्या महिन्यात मूठ मूठ गळाले, आता परत यायलेत. नियम ऐकायला सोपे आहेत. आधी प्रोटीन, मग भाजी, मग जागा उरली तर भाकरी-भात. घास सुपारीएवढा, वीस-पंचवीस वेळा चावायचा. जेवणाच्या आधी अर्धा तास पाणी बंद आणि जेवल्यावर अर्धा तास बंद. दिवसभरात कमीत कमी ६० ग्रॅम प्रोटीन आणि दीड-दोन लिटर पाणी, ते पण घोट घोट, कारण तांब्या तोंडाला लावून घटाघटा पिणं आता होतच नाही. सोडा, कोल्ड्रिंक नाही. साखरेपासून लांब.

घरी हे सगळं जमतं हो, घरी गॅसपुढं मीच असते. बाहेर पडलं की पोटाचं मी सांभाळते पण लोकांचं काय करायचं. आपल्या मराठवाड्यात पाहुणा कमी जेवला म्हणजे एकतर त्याला जेवण आवडलं नाही नाहीतर त्याला राग आलाय, तिसरं कारण कुणाला सुचतच नाही. मागच्या दिवाळीत चुलत सासूबाईंच्या घरी मी अर्धी करंजी खाऊन ताट सरकवलं तर त्या आमच्या ह्यांना बाजूला घेऊन विचारायल्या, तुमच्या दोघांत सगळं ठीक हाय ना म्हणून. त्यामुळं 'अनलिमिटेड' असं लिहिलेल्या ठिकाणी जायचं म्हणलं की मला हुरड्यापेक्षा वाढणाऱ्याची भीती जास्त.

तर संक्रांतीनंतरच्या शनिवारी पहाटे ६ ला परभणी सोडली. जिंतूर, मंठा, जालना असा रस्ता. गाडीत माझी एक वेगळी पिशवी असते, आमचे हे तिला दप्तर म्हणतात. त्यात चार उकडलेली अंडी, जिरं-मीठ लावून तव्यावर परतलेले पनीरचे तुकडे, फुटाणे, प्रोटीन पावडरच्या दोन पुड्या, गोळ्यांची डबी आणि मार्करनं रेघा मारलेली एक लिटरची बाटली, ९ वाजता इथपर्यंत, ११ वाजता इथपर्यंत. थंडीत तहान लागत नाही आणि मग संध्याकाळी डोकं धरतं, म्हणून रेघा. गोळ्यांचं पण फिरताना वेळापत्रक लागतं, कारण लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायच्या नाहीत, मधी दोन तास पाहिजेत, आणि लोहाच्या गोळीवर चहा नाही. जालन्याच्या पुढं नणंदेच्या मिस्टरांनी वड्यासाठी गाडी थांबवली. सगळ्यांनी वडे खाल्ले, मी गाडीत बसून एक अंडं. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रोटीन धरते मी, म्हणजे सकाळी ९ च्या आत दहावा हिस्सा जमा. वड्याचा वास आला, खोटं कशाला बोलू, पण तेवढंच.

दौलताबादच्या त्या जुन्या दरवाज्यातून एका वेळी एकच गाडी जाते, तिथं अर्धा तास गेला. तेवढ्यात बाटली दुसऱ्या रेघेपर्यंत आणली.

शेतावर पोचलो साडेअकराला. लिंबाचं मोठं झाड, त्याखाली सात-आठ बाजा, पलीकडं तुरीच्या ओळी आणि त्याच्यामागं ज्वारी. गेल्या गेल्या ट्रेमधी उसाचा रस आला, मी नको म्हणलं, पोरगं म्हणलं पॅकेजमधीच आहे, मी म्हणलं माहीत आहे, तरी नको. तो ग्लास भाच्यानं संपवला.

मग हुरडा. हे नीट सांगते कारण १६०० पैकी हजार रुपये ह्याचेच होते असं मी धरते. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवलेली, धूर बसून वर नुसती राख दिसायली, आणि त्या राखेत कणसं खुपसलेली. आगटीपाशी एक साठीच्या मावशी होत्या, नऊवारीचा पदर खोचून बसलेल्या, दोन्ही तळहात काळे. कणीस राखेतून ओढायचं, दोनदा झटकायचं आणि गरम गरमच तळहातात चोळायचं, मग दोन्ही हातांच्या मधी फुंकर, कोंडा एका बाजूला उडाला की हिरवा दाणा तेवढा हातात. एवढं करायला त्यांना चहा ओतायला लागतो तेवढाच वेळ. मी एक चोळून बघितलं तर हात भाजला आणि निम्मा दाणा कोंड्याबरोबर मातीत. मालक तिथंच उभे होते, म्हणले ही बाजूची ज्वारी सुरती जातीची आहे आणि ती पलीकडची 'परभणी वसंत', तुमच्याच परभणीच्या कृषी विद्यापीठाची. आमच्या आत्याबाई लगेच ताठ बसल्या, जसं काही बियाणं त्यांनीच काढलंय.

सोबत पत्रावळीवर शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, जवसाची चटणी, दही, गूळ, बारीक शेव, रेवड्या. शेजारी टोपलीत बोरं आणि पेरू. मी गूळ-रेवडीच्या बाजूला बघितलंच नाही, दह्याची वाटी घेतली आणि त्यात चिमटीनं हुरडा टाकत गेले. हुरड्याचं साल चिवट असतं, नीट चावला नाही तर आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा होऊन बसतो, पण चावत राहिलं की तोंडात त्याचं दूध होतं, गोडसर, धुराच्या वासाचं. मोजून दोन पळ्या हुरडा मला ४० मिनिटं पुरला.

आणि कुणाच्या ध्यानातच आलं नाही! ही गोष्ट मला तिथं बसल्यावर कळली आणि त्यासाठीच मी हे सगळं लिहायला घेतलं. हुरड्याला ताट नसतं. सगळे आगटीभोवती गोल बसलेले, कुणाचा हात चटणीत, कुणाचा शेवेत, कुणी कणीस चोळायलंय, कुणी गप्पा मारायलंय, कुणी किती खाल्लं ह्याचा हिशोबच लागत नाही. तीन तीन दाणे तोंडात टाकणारा माणूस तिथं वेगळा दिसत नाही, उलट चवीनं खातो असं वाटतं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा मी चारचौघांत बसून खाल्लं आणि मला कुणी "एवढंच?" म्हणलं नाही. पहिल्यांदा सहलीला जायचं असेल तर लग्न, बुफे, थाळी ह्यातलं काही नका निवडू, हुरड्याला जा.

आता थाळी.

दुपारी २ ला जेवायला बसवलं आणि तिथं खरी परीक्षा. मांडवात भिंतीवर मोठी पाटी, 'अन्न टाकल्यास १०० रु. दंड', आणि त्याच पाटीखाली तीन वाढपी पोरं न विचारता वाढायली. ज्वारीची अख्खी भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत, मेथी, ठेचा, दाळ, भात, जिलेबी. मी हात आडवा धरला तर हाताच्या बाजूनं वाढलं. "घ्या की ताई, पॅकेजमधीच आहे", हे वाक्य त्या दोन दिवसांत मी कमीत कमी वीस वेळा ऐकलं असेल. एकतर दंड तरी लावा नाहीतर विचारून तरी वाढा, दोन्ही कसं चालेल? मालकाला मी हे तोंडावर सांगितलं, ते हसले नुसते. आमचे हे शेजारी बसतात आणि माझं ताट संपवतात, माझ्या ऑपरेशनपासून त्यांचं वजन ६ किलोनं वाढलंय, हा पण ह्या ऑपरेशनचा एक साइड इफेक्टच म्हणायचा.

पिठलं मात्र अप्रतिम. सैल, लसणाची फोडणी, गुठळी नाही. आमच्यासारख्यांना बाहेर कुठं काय खावं प्रश्न पडला की पिठलं शोधावं, बेसनाचं असल्यामुळं प्रोटीन बऱ्यापैकी, मऊ, घशाखाली आपोआप जातं, आणि मराठवाड्यात कुठल्याही ढाब्यावर १० मिनिटांत मिळतं. नुसतं वाटीत घ्यायचं आणि चमच्यानं खायचं, भाकरीशिवाय. लोक बघतात, बघू द्या.

मी पण तेवढंच करायला पाहिजे होतं. पण आत्याबाई जुन्या हुरड्याच्या गोष्टी सांगायल्या, मी हसता हसता भाकरीचा तुकडा ठेच्याला लावून तोंडात टाकला आणि चार वेळा चावून गिळला. झालं. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. छातीच्या मधोमध एक खुंटी ठोकल्यासारखं, ना वर ना खाली, आणि तोंडात लाळ सुटायला लागते, साधी नाही, फेसाळ, थांबतच नाही. बोलता येत नाही. मी पदर तोंडाला लावून उठले आणि सरळ तुरीच्या ओळीत.

तिथं वाकून उभी होते तर मागून त्या आगटीवाल्या मावशी तांब्या घेऊन आल्या. "घोटभर पाणी प्या, घास खाली जातो." कुणीही हेच सांगेल, घास अडकला की पाणी. पण ह्या नळीचं उलटं आहे, वर पाणी ओतलं की खाली जायला वाट नसते आणि सगळं पाणी घासासकट वर येतं. मी मान हलवली. त्यांनी तांब्या अजून पुढं केला. मी हातानंच थांबा म्हणलं, आणि पाच-सात मिनिटांनी तो घास आला एकदाचा वर, सुटले. मग तिथंच बांधावर बसून त्यांना सांगितलं की पोटाचं ऑपरेशन झालंय, पोट कापून लहान केलंय. त्यांनी विचारलं, "केवढं राहिलंय?" मी मूठ वळून दाखवली. त्यांनी माझ्या मुठीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं आता येणार, 'एवढं कशाला करायचं, चालायचं की जरा', जे सगळ्यांकडून ऐकलंय. तर त्या म्हणल्या, "मंग बाळंतिणीवाणी जेवा की. बाळंतिणीला का एकदाच ताट भरून देतेत? दोन दोन तासाला वाटी वाटी देतेत. मला सकाळीच सांगायचं व्हतं."

आमच्या डायटिशियन मॅडमनी ही गोष्ट मला चार पानांचा तक्ता देऊन समजावली होती.

त्यानंतर निघेपर्यंत माझं खाणं मांडवातून नाही, चुलीपासून आलं. ४ वाजता एका स्टीलच्या वाटीत घट्ट वरण, वर तुपाची टिकली. साडेसहाला ताक, आंबट नाही, जिरेपूड टाकलेलं, ते मी अर्धा तास धरून पीत बसले, पाण्याच्या हिशोबात पण बसलं. रात्री सगळ्यांना गावरान कोंबडीचा रस्सा होता, कोंबडी चिवट असते, तिच्या नादी मी लागत नाही, तर मावशींनी कांदा परतून एका अंड्याची मऊ भुर्जी करून दिली आणि वर रश्श्याचे दोन चमचे, "चव तरी घ्या" म्हणून. मी ह्याचे जास्तीचे पैसे विचारले तर त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आणि महत्त्वाचं म्हणजे एकदाही "अजून घ्या" नाही. वाटी ठेवायच्या, निघून जायच्या, रिकामी झाली का नाही बघायला पण यायच्या नाहीत. निम्मी वाटी परत गेली तरी तोंड वाकडं नाही.

रात्री आगटीपाशी परत गर्दी. शेतावर दारू बंद अशी पाटी आहे पण शेजारच्या ग्रुपच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचा रंग बघून काय ते कळत होतं. नणंदेच्या मिस्टरांना पण तिकडून आमंत्रण आलं. मी घेत नाही त्यामुळं मला प्रश्न नाही, पण माझ्यासोबत ओपीडीत बसणारे एक काका आहेत, बायपासवाले (हृदयाचं नाही, वजनासाठी पोटाचं करतात ते बायपास), त्यांनी पुतण्याच्या लग्नात जुन्या हिशोबानं घेतली आणि पहिल्याच ग्लासात पाय लटपटले. ऑपरेशननंतर दारू लवकर रक्तात जाते आणि लवकर चढते, प्रमाण जुनं धरायचं नाही. आमच्या डॉक्टरांनी तर पहिलं वर्षभर नाव काढू नका असंच सांगितलंय. सहलीला जाणाऱ्या पुरुष मंडळींनी हे गाडी चालवायच्या आधी ध्यानात घ्यावं.

खोलीचं थोडक्यात. दोन खोल्या मिळाल्या, गाद्या ठीक, रजया जाड आणि धुतलेल्या, कमोड आहे (प्रोटीन जास्त आणि पाणी कमी झालं की त्याचं महत्त्व कळतं), गिझर एकाच खोलीत चालू. पिण्याच्या पाण्याचा जार बाहेर मांडवात, रात्री बाटली भरायला अंधारात जावं लागलं, कुत्रं अंगावर आलं. एक जार खोलीत ठेवला तर काय बिघडतं? ह्याचा एक स्टार मी कापलाय.

सकाळी नाष्ट्याला सुशीला आणि धपाटे. सुशीला मला जीव की प्राण, पण मुरमुऱ्यात प्रोटीन किती असणार, म्हणून दोन चमचे सुशीला आणि दप्तरातल्या पुडीचं प्रोटीन शेक. मावशींनी तोवर मुगाच्या पिठाचं एक धिरडं तव्यावर टाकलंच होतं, वीतभर सुद्धा नाही, बशीएवढं. निम्मं खाल्लं, निम्मं कागदात गुंडाळून पर्समधी.

हिशोब करताना त्याच काउंटरवरच्या पोराला मी परत म्हणलं की बघ, दोन दिवस तूच बघितलंस, मी काय खाल्लं. तो म्हणला मालकाला विचारतो. मालक म्हणले रेट आपला फिक्स आहे ताई, पुढच्या वेळेला बघू. म्हणजे पूर्ण १६०० गेले. माझं म्हणणं साधं आहे, डिस्काउंट नका देऊ, पण 'अर्धी थाळी' असं एक कार्डावर छापा, त्यात म्हातारी माणसं पण येतात, आमच्या आत्याबाईंनी पण दीड भाकरीच्या पुढं कुठं खाल्लं.

तिथून वेरूळला गेलो. मंगळवारी लेणी बंद असतात, आम्ही रविवारी होतो त्यामुळं गर्दीच गर्दी. मागच्या वेळेला इथं आले होते तेव्हा १०० च्या वर होते, कैलास लेण्याच्या पायऱ्यांवर बसून राहिले होते आणि बाकीच्यांनी बघून येऊन मला फोटो दाखवले होते. ह्या वेळेला कडेच्या चढानं वरपर्यंत गेले, वरून खाली तो अख्खा डोंगर कोरून काढलेला दिसतो ना, तो बघितला. आमचे हे खालून फोटो काढायले. मला हाका मारून खाली बोलवायची वेळ आली त्यांच्यावर.

आणि त्याच हवेत असताना गाढवपणा केला. बाहेर आल्यावर घसा कोरडा, बाटली संपलेली, रस्त्याच्या कडंला रसवंती, घुंगरू वाजायलेत. आता आपल्याला सगळं जमतंय असं डोक्यात होतं, अर्धा ग्लास रस घेतला आणि तहान लागली म्हणून भराभर घेतला. पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, जानेवारीत कपाळावर घाम, पोटात कळ, हातपाय गळाले. डंपिंग म्हणतात ह्याला, साखरेचं पाणी त्या नळीत थांबत नाही, घाईनं आतड्यात उतरतं आणि आतडं तिकडं शरीरातलं पाणी ओढून घेतं. बायपासवाल्यांना हा त्रास जास्त, पण स्लीव्हवाल्यांना होत नाही असं नाही, माझ्यावरून सांगते. गाडीची सीट पाडून अर्धा-पाऊण तास आडवी पडले, मग उतरलं. ह्यात शेताचा काही दोष नाही, रसवंतीचा पण नाही, आदल्या दिवशी ट्रेमधला ग्लास नाही म्हणणारी मीच आणि दुसऱ्या दिवशी पैसे देऊन पिणारी पण मीच.

नणंद बिचारी घाबरली, पर्समधून ब्रुफेनसारखी दुखण्याची गोळी काढून द्यायली, चढून पाय पण दुखत असतील म्हणून. ती पण मला चालत नाही, त्या जातीच्या गोळ्यांनी पोटात अल्सर व्हायची भीती असते, लागलीच तर साधी पॅरासिटामॉल, ती माझ्या डबीत असते. तुमच्या सोबत येणाऱ्या एका तरी माणसाला हे आधी सांगून ठेवा, आपण आडवे पडलेलो असताना समजावून सांगायचं त्राण नसतं.

जालना येईपर्यंत पोट शांत झालं होतं. ४ वाजले होते. आमच्या ह्यांनी मागच्या सीटवरून एक डबा काढून दिला, निघताना मावशींनी त्यांच्या हातात दिला होता म्हणे, मला न सांगता. वरच्या कप्प्यात लेकरासाठी हुरडा आणि खालच्या कप्प्यात पिठलं, दुपारचं उरलेलं नाही, माझ्यासाठी वेगळं केलेलं, मिरची कमी. सोबत चमचा पण ठेवलेला. गाडी बाजूला घेऊन मी पाच-सहा चमचे खाल्लं, चावायला काही नव्हतं तरी सवयीनं चावत बसले. डबा अजून माझ्याकडंच आहे, स्टीलचा, झाकणावर कुणाचं तरी नाव कोरलेलं आहे, परत द्यायला जावं लागणार.

तर ५ पैकी साडेतीन स्टार. एक पाण्याच्या जारचा आणि कुत्र्याचा कापला, अर्धा त्या दंडाच्या पाटीचा. हुरडा साधारण डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत असतो, संक्रांतीच्या आसपास गेलात तर दाणा चांगला मिळतो, शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. आणि तुमचं ऑपरेशन झालेलं असेल तर कुठल्याही शेतावर बुकिंग करताना काउंटरच्या पोराला काही सांगत बसू नका, चुलीपाशी कोण असतं ते विचारा आणि फोन त्यांच्याकडं द्यायला लावा.